शिळा उपकार चालायचा न्हाई

रंभाबाईनं देवाशी बोलणं टाकलेलं नव्हतं. टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं उरवड्यातल्या चार ख्रिस्ती घरांपैकी तीन घरांना वाटत होतं. बाई रोज बोलायची. भाकरी थापताना बोलायची, खाचरातून भाताचे भारे वाहताना बोलायची, आणि काय बोलायची ते ऐकून शेजारची इंदूबाई कानांवर हात ठेवायची.

"एवढं मोठं आभाळ हाय तुझ्याकडं. तितं काय एका गवंड्यावाचून बांधकाम आडलं हुतं व्हय रं तुझं?"

हे देवाला. तेही अरेतुरे करून. कुशाबा गवंडी गेल्याला वर्ष झालं होतं आणि ह्या वर्षात त्याच्या बायकोच्या तोंडून देवाविषयी एक धड शब्द निघाला नव्हता. राग तसा तिच्या नाकावर जन्मापासूनच बसलेला. पण आधीचा राग म्हणजे चुलीवरचं दूध, फुंकर मारली की खाली बसायचा. हा राग वर्ष झालं तरी खाली बसायचं नाव घेत नव्हता.

आणि आज त्यात भर म्हणून वर्षाची उपकारस्तुती होती. माणूस जाऊन वर्ष झालं की मंडळींना घरी बोलवायचं, प्रार्थना करायची आणि गेलेल्या माणसाबद्दल घरातल्या प्रत्येकानं देवाचे उपकार मानायचे, ही त्यांच्यातली रीत. मुलानं, वाल्मीकनं, त्यासाठी पिरंगुटच्या कारखान्यात रजा टाकली होती. सुनेनं, अनुसयानं, सकाळीच अंगण सारवून घेतलं होतं. कोंबड्या कापून झाल्या होत्या, आंबेमोहराचा वास घरभर सुटला होता. सगळं रीतसर चाललं होतं आणि रंभाबाईच्या अंगाचा तिळपापड होत होता.

"उपकार म्हणं! भरल्या घरातनं माणूस उचलून न्यायचा, आन वर म्हणायचं, उपकार माना. चोराला हार घालून वाटंला लावायची तऱ्हा झाली ही."

"आई, हळू की," वाल्मीक म्हणाला. "पाळकसाहेब येतीलच एवढ्यात."

"येऊ देत. त्यांच्या तोंडावर म्हणते. मी काय भ्याले व्हय कुणाला?"

पाळकसाहेब आले ते पौडच्या एसटीनं, धुळीनं माखून. माणूस तरुण, नुकताच पुण्याहून ह्या बाजूच्या ख्रिस्ती मंडळ्या सांभाळायला नेमलेला. पाणी प्यायला, घाम पुसला आणि रंभाबाईसमोर बसून मऊ आवाजात म्हणाला, "बाई, तुमचं दुःख मोठं आहे. पण आपल्याला शिकवण अशी आहे, की प्रार्थनेत जागं राहावं आणि कसलाही दिवस आला तरी उपकार मानायचे सोडू नयेत."

रंभाबाईनं पदर खोचला.

"साहेब, तुमच्या मालकीणबाई बऱ्या हायेत न्हवं?"

"हो, देवाच्या कृपेनं."

"मग तुमी खुशाल शिकवा, मी ऐकते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पर माझ्या तोंडातनं उपकाराचा शबुद निघायचा न्हाई. आत्ताच सांगून ठेवते, मागनं चारचौघांत माझी पाळी काढू नका."

पाळकसाहेबांनी पुन्हा पाण्याचा तांब्या उचलला. वाईट नव्हते बिचारे. पुस्तकं पुष्कळ वाचली होती, रंभाबाई वाचली नव्हती.

आता खरी मेख अशी, की रोज उपकार मानायचं वेड ह्या घराला लावलं होतं कुशाबानंच. दिवेलागणीला हातपाय धुऊन सगळ्यांनी घोंगडीवर बसायचं आणि एकेकानं एक उपकार सांगायचा. सोपं वाटतं ना? नव्हतं सोपं. कुशाबाची अट होती. उपकार आजचाच पाहिजे. "देवा, आमाला सुखी ठेवलंस" असं कुणी मोघम म्हटलं की तो तिथल्या तिथं थांबवायचा.

"हे तू काल बी म्हणलीस, रंभे. शिळा उपकार चालायचा न्हाई. शिळी भाकर आपण खातो, ती देवाच्या ताटात कशाला?"

"आन रोज ताजा कुटनं आणू? दिवसभर राबून राबून कंबर मोडती माझी!"

"डोळं उघडं ठिवून राबायचं. ध्यान जागं असलं की घावतोच."

त्याला स्वतःला रोज घावायचा. "आजचा," म्हणून तो सुरुवात करायचा, जरा थांबायचा, जसं काही खिशातून काढतोय, आणि मग सांगायचा. आजचा, दगडाला पहिल्याच घावात सरळ कड आली. आजचा, चढावर दम लागला तवा कुणाच्या तरी बैलगाडीनं घेतलं. आजचा, रंभी डाळीत मीठ घालायला इसरली आन भांडली मात्र माझ्याशी. ह्या शेवटच्यावर वाल्मीक खो खो हसायचा आणि रंभाबाई प्रार्थनेत बसल्या जागी नवऱ्याला कोपर मारायची. पण दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तीही शोधत असायची, आज काय सांगावं. अनुसया लग्न होऊन आली तेव्हा तिलाही सासऱ्यानं पहिला धडा हाच दिला. पोर मुकी वाटावी इतकी गरीब, पण उपकार मात्र असा नेमका शोधून आणायची, की कुशाबा मान डोलवायचा. "हिचं ध्यान जागं हाय," म्हणायचा. ह्याचाही रंभाबाईला थोडा रागच यायचा.

कुशाबाच्या घरात दुसरीही एक अट होती, ती रंभाबाईची. प्रार्थना सुरू झाली की डोळे मिटायचे आणि आमेन होईपर्यंत उघडायचे नाहीत. उघड्या डोळ्यांची प्रार्थना म्हणजे झाकण नसलेलं दूध, मांजरासाठीच ठेवल्यासारखं, असं तिचं मत. कुणी डोळे किलकिले केले की आमेननंतर तिचा चिमटा ठरलेला.

आणि ह्याच अटीनं तिचा घात केला.

कुशाबाच्या छातीत पाणी झालं होतं. पौडचे डॉक्टर म्हणाले, पुण्याला न्या. टेंपो सांगितला. तो येईपर्यंत मंडळी जमली, खाटेभोवती उभी राहिली, उंबऱ्यापर्यंत दाटली. प्रार्थना करायला कोंडिबा वडील पुढं झाले. वडील म्हणजे चर्चचे पंच, मंडळीतले सगळ्यांत जुने. पण रंभाबाई म्हणाली, "माझा माणूस हाय, मी करते." केली. डोळे गच्च मिटून, दोन्ही मुठी आवळून, देवाला अक्षरशः झापत झापत केली. आमेन म्हणून डोळे उघडले तर कुशाबा गेलेला. अंग ऊन, डोळे अर्धे उघडे, मान तिच्याकडं कललेली. बाहेर टेंपोनं हॉर्न दिला.

तिनं तेव्हा जो टाहो फोडला तो अख्ख्या उरवड्यानं ऐकला. "भरल्या घरात माझा माणूस एकटा गेला! कुत्रं मरताना बी कुणीतरी बघतं! एकाची नजर न्हवती त्याच्यावर! कुणी बघत असतं आन मला हाक मारली नसती, तर त्याचा गळा दाबला असता मी. पर बघितलं कुणी? सगळी मेली डोळे मिटून!"

वर्ष झालं, ती हेच वाक्य उगाळत होती. तो गेला ह्याचं दुःख होतंच. माणसं जातात, तेवढं तिला कळत होतं. पण तो एकटा गेला. शेवटच्या घडीला त्यानं डोळे उघडले असतील, कुणाला तरी शोधलं असेल, आणि बायको समोर उभी राहून डोळे मिटून देवाशी वाद घालत होती. हे तिच्यानं सोसवत नव्हतं. देवानं दुसरा कुठला क्षण निवडला असता तरी तिनं त्याला माफ केलं असतं. नेमका तोच निवडला, म्हणून ती त्याला सोडायला तयार नव्हती.

त्या दिवसापासून दिवेलागणीला ती घोंगडीवर बसायची खरी, पण पाळी आली की एकच शब्द म्हणायची, "पुढं." आणि आणखी एक गोष्ट होती, ती कुणाला माहीत नव्हती. रंभाबाई आता प्रार्थनेत डोळे मिटत नव्हती. मिटवतच नव्हते. वाल्मीककडं बघायची, दाराकडं बघायची, पुन्हा वाल्मीककडं. न जाणो, आणखी कुणी हळूच उठून गेलं तर? सून तिच्या पाठीमागं चुलीशी बसायची, म्हणून तेवढी दिसत नव्हती.

आज मात्र घर भरलेलं होतं. पुरुष एका भिंतीला, बाया एका भिंतीला, आणि बायांकडं जागा उरली नाही म्हणून अनुसया बसली ती पुरुषांच्या भिंतीच्या टोकाला, सासूच्या बरोबर समोर.

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. लांबण लावायची त्यांना खोड होती. मंडळींच्या माना खाली गेल्या. रंभाबाईची नजर नेहमीसारखी राखणीला निघाली. कोंडिबा वडिलांचे ओठ हलत होते. इंदूबाई पेंगत होती. वाल्मीकच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. आणि त्याच्या पलीकडं, ओढलेल्या पदराखाली, दोन डोळे टक्क उघडे होते. ते तिच्याकडंच बघत होते.

सुनेनं नजर खाली घातली असती तर कदाचित निभावलं असतं. तिनं घातली नाही. रंभाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अनसे! डोळे मीट!"

पाळकसाहेबांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. सगळ्यांचेच डोळे उघडले. कोंडिबा वडील हादरून म्हणाले, "अगं रंभाबाई, प्रार्थना चाललीय."

"चालू दे. माझ्या घरात सून डोळे उघडून बसलीय, ते आधी बघते."

"पर तुला कसं दिसलं गं?" पेंगेतून जागी झालेली इंदूबाई पुटपुटली. "तुझे मिटलेले हुते न्हवं?"

कुणीतरी फिसकन हसलं. रंभाबाई ताडकन उभी राहिली.

"न्हवते मिटले! वर्ष झालं, मी मिटत न्हाई! तुमी समदी मिटून बसता, कुणीतरी राखण नको? एकदा मिटले त्याची फेड करतीया मी. पर ही? हिला कुणी सांगितलं उघडाय?" ती सुनेकडं वळली. "आता उघडतीस व्हय गं? आता काय बघायचं उरलंय हितं? ज्या दिवशी पायजे हुते त्या दिवशी कुटं गेलते तुझे डोळे? तवा कशी गुमान मिटून हुबी हुतीस?"

अनुसयाचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठून उभी राहिली. वाल्मीक काहीतरी म्हणायला गेला, पण तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"न्हवते मिटले, आत्याबाई."

"काय?"

"त्या दिवशी बी उघडेच हुते."

रंभाबाई सुनेच्या अंगावर चालून गेली. हात वर गेलेला होता.

"बघितलंस? तू बघितलंस, आन मला हाक न्हाई मारलीस? वर्षभर माझ्या हातची भाकर खाल्लीस, मला रोज जळताना बघितलंस, आन तोंडाला कुलूप लावून बसलीस? अगं सटवे, का?"

"तुमी म्हणाला हुता, गळा दाबीन."

हात तसाच वर राहिला.

"मारा पायजे तर," अनुसया म्हणाली. तिच्या आवाजात आता राग होता, आणि तो रंभाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "मारा, पर ऐकून घ्या. वर्षभर मला बी झोप न्हाई. नवी नवरी हुते मी. घरात कुणाशी दोन शबुद बोलायची बी चोरी. तुमी दारादारात सांगत सुटला, माणूस एकटा गेला, एकटा गेला. मला रोज वाटायचं, सांगावं. आन रोज तुमचं तोंड बघून जीभ आत जायची. आज माझ्या पाळीला सांगणार हुते. वर्षाचा शिळा उपकार हाय, आत्याबाई. मामंजी असते तर चालवून घेतला नसता."

"बोल पोरी," कोंडिबा वडील हळूच म्हणाले.

"माझ्या हातात पेजंचं पातेलं हुतं. लई गरम. खाटंच्या पायथ्याशी हुबी हुते, सांडंल म्हणून डोळे मिटले न्हाईत. तुमची प्रार्थना चालू हुती. तुमी देवाला म्हणत हुता, ऐकतोस का भैरा झालास? ह्या माणसानं तुझ्या चर्चचा ओटा बांधला, आन तू ह्याला उठून बसवत न्हाईस? लाज कशी वाटत न्हाई म्हणून इचारत हुता."

"आठवतंय मला. पुढं बोल."

"तवा मामंजींनी डोळे उघडले. सगळ्यांकडं बघितलं. समद्यांच्या माना खाली. मग तुमच्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. आन हसले."

"हसले?"

"व्हय. पोट हललं एवढं हसले. तुमी देवाला झापताय, आन हे हसतायत. मग खोकला आला, पर आवाज काढला न्हाई, दाबून धरला. मी म्हणलं, आत्याबाईंना हाक मारावी. तोंड उघडलं तर त्यांनी बोट हलवलं. नको म्हणून. तुमची प्रार्थना मोडू नको म्हणून." अनुसयाचा पदर तोंडाशी गेला, पण तिनं तो पुन्हा खाली घेतला. "आन मग तेच बोट तुमच्याकडं केलं. माझ्याकडं बघितलं, आन ओठांतल्या ओठांत म्हणाले, आजचा."

रंभाबाईचा हात खाली आला.

"काय म्हणाले?"

"आजचा. रोज म्हणायचे तसं. त्या दिवशी घाईत कुणी कुणाला पाळी दिलीच न्हवती न्हवं? त्यांनी त्यांची घेतली. आजचा, म्हणाले, आन बोट तुमच्यावर. मग मान तुमच्या बाजूला टाकली. तुमचं आमेन व्हायचं हुतं अजून. ते ऐकतच हुते, आत्याबाई. एकटे न्हवते."

रंभाबाई मटकन खाली बसली. तिच्या तोंडातून आवाज निघाला, तो रडण्याचा होता की शिवी होती हे आधी कळेना. मग कळलं.

"मेला! मरता मरता बी मला हसला! मी तिकडं देवाच्या पाया पडतीया, भांडतीया, जिवाचं रान करतीया, आन हा पडल्या पडल्या हसतोय! असा माणूस! असा माणूस न्हेलास व्हय रं तू!"

ती छातीवर हात मारून मारून रडली. वर्षभरात पहिल्यांदा. देवाला शिव्या दिल्या, नवऱ्याला दिल्या, स्वतःच्या डोळ्यांना दिल्या. इंदूबाई उठायला लागली तर वाल्मीकनं तिला हातानं बसवलं. अनुसया सासूसमोर तशीच उभी होती, गळा दाबला जाईल की काय, ह्याची वाट बघत.

बऱ्याच वेळानं पाळकसाहेब खाकरले. त्यांचेही डोळे लाल झाले होते. आता काय करावं हे त्यांना कुठल्याही पुस्तकानं सांगितलेलं नव्हतं. म्हणून जे माहीत होतं तेच त्यांनी केलं. हात जोडले आणि प्रार्थना संपवायला म्हणाले, "तर मग, हे दयाळू बापा..."

"थांबा," रंभाबाई म्हणाली. "आमेन म्हणू नका. माझी पाळी राहिलीय."

तिनं पदरानं नाक पुसलं. मांडी घातली. मंडळींनी सवयीनं माना खाली घातल्या, डोळे मिटले, आणि ती खेकसली, "उघडे ठेवा! समद्यांनी उघडे ठेवा!" डोळे उघडले. तिनं वर, कौलांकडं बघितलं.

"हे बघ," ती म्हणाली, "तुझं माझं भांडण मिटलेलं न्हाई. ते मी उद्या काढणार हाय, परवा बी काढणार हाय. माझा माणूस तू न्हेलास, ते मी इसरायची न्हाई. पर आज पाळी आलीय, आन शिळा उपकार ह्या घरात चालत न्हाई."

ती थांबली. जसं काही खिशातून काढतेय.

"आजचा," रंभाबाई म्हणाली, आणि बोट उचलून तिनं सुनेकडं केलं.